भाजलेल्या जखमेतील बुरशीचा संसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि आसपासच्या रुग्णालयांत भाजल्यामुळे दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात एकाच वाक्याने होते : "कल्चरमध्ये बुरशी आली आहे, असे राउंडच्या वेळी सांगितले." (कल्चर म्हणजे जखमेतील नमुन्यात कोणते जंतू वाढतात, हे पाहणारी लॅबची तपासणी.) त्या बातमीचे गांभीर्य रिपोर्टवरील नावावरून पुरते कळत नाही. बुरशी मेलेल्या कातडीवर बसलेली आहे की खालच्या जिवंत मांसात शिरली आहे, यावर ते ठरते. खालची बरीच उत्तरे याच फरकाकडे वळतात. औषध आणि शस्त्रक्रिया यांचा निर्णय मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

१. भाजलेल्या जखमेत बुरशी होते म्हणजे नेमके काय होते?

खोल भाजल्यावर कातडीचा जो जाड, मेलेला थर जखमेवर राहतो, त्यात रक्तवाहिन्या जिवंत नसतात. त्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचत नाहीत आणि सलाईनमधून दिलेले औषधही पोहोचत नाही. जंतूंना लागणारी प्रथिने, ओलावा आणि ऊब मात्र तेथे भरपूर असते. पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे जीवाणू तेथे वाढतात, नंतर स्यूडोमोनास किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे रुग्णालयात आढळणारे जीवाणू येतात. त्यांच्यासाठी जोरकस अँटिबायोटिक्स सुरू झाली की जीवाणूंची गर्दी कमी होते आणि मोकळी झालेली जागा बुरशी घेते. म्हणूनच बुरशीची बातमी साधारणपणे दुसऱ्या आठवड्यापासून पुढे येते.

या बुरशींचे ढोबळमानाने दोन गट आहेत. पहिला यीस्टचा. त्यात कँडिडा प्रमुख असून ती निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही असते. दुसरा गट तंतुमय बुरशींचा, म्हणजे अ‍ॅस्परजिलस, फ्युजेरियम आणि म्युकर गटातील बुरशी. त्यांचे बीजाणू हवेत आणि मातीत सगळीकडे असतात. कँडिडा अधिक वेळा आढळते, पण जखमेतून खोल शिरण्याच्या बाबतीत तंतुमय बुरशी अधिक धोकादायक असतात.

२. नायटा, गजकर्ण हीसुद्धा बुरशीच ना? मग डॉक्टर एवढे गंभीर का होतात?

गजकर्णाची बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरावर जगते आणि सहसा खाली उतरत नाही. भाजलेल्या रुग्णाचा तो थरच गेलेला असतो. शिवाय अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर यांचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात. त्या वाहिन्या आतून गोठतात, पुढचा भाग रक्ताविना मरतो आणि त्या मेलेल्या भागावर बुरशी आणखी पसरते.

३. कोरोनाच्या काळात जो म्युकर ऐकला, तोच हा का?

गट तोच, वाट वेगळी. २०२१ मध्ये जे रुग्ण आढळले, त्यांच्यात बीजाणू श्वासावाटे नाकात व सायनसमध्ये जाऊन तेथून डोळ्याकडे आणि मेंदूकडे आजार पसरत होता. त्यांतील बहुतेकांना मधुमेह होता किंवा स्टेरॉइड दिलेली होती. भाजलेल्या रुग्णात ही बुरशी थेट उघड्या जखमेतून शिरते. औषधे बरीचशी तीच आहेत (प्रश्न १२ पाहा).

४. कोणत्या रुग्णांना धोका अधिक असतो?

भाजलेल्या भागाचे प्रमाण हा पहिला निकष आहे. रुग्णाचा बोटांसह पूर्ण तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे एक टक्का, असा ठोकताळा आहे. भाजण्याचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांच्या पुढे गेले आणि भाजणे खोल असले की धोका वाढत जातो. मोठे वय, मधुमेह, धुरामुळे फुप्फुसांना झालेली इजा, मानेच्या किंवा जांघेच्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, शिरेवाटे दिले जाणारे पोषण, दीर्घकाळ चाललेली अनेक अँटिबायोटिक्स आणि मेलेली कातडी काढण्यास झालेला विलंब या सर्व गोष्टी त्यात भर घालतात. मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर मोठ्या भाजण्यानंतर वाढते. त्यामुळे "यांना तर शुगर नव्हतीच, मग इन्सुलिन का?" या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे.

दोन परिस्थितींचा वेगळा उल्लेख करायला हवा. कपड्यांनी पेट घेतल्यावर रुग्ण मातीत लोळला असेल, किंवा विझवणाऱ्यांनी त्याच्यावर माती टाकली असेल, तर जखमेत मातीतील बुरशीचे बीजाणू पहिल्याच क्षणी गेलेले असतात. लोळणे चुकीचे होते असे नाही, जीव त्यामुळेच वाचतो. मात्र ही माहिती डॉक्टरांना पहिल्या दिवशीच सांगितली पाहिजे. दुसरी परिस्थिती विजेने भाजण्याची. मुंबईच्या लोकल गाड्यांवरील तारांमध्ये २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो आणि डब्याच्या टपावर चढलेल्या माणसाला तारेला हात लागण्याआधीच, नुसते जवळ गेल्यानेही, त्याचा झटका बसू शकतो. अशा रुग्णाच्या कातडीवर लहानशी जखम दिसते, पण आतले स्नायू लांबवर मेलेले असतात. तंतुमय बुरशीला वाढण्यासाठी नेमकी अशीच जागा लागते.

५. रिपोर्टमध्ये "कँडिडा वाढली" किंवा "अ‍ॅस्परजिलस वाढला" असे लिहिले आहे. म्हणजे संसर्ग झालाच का?

या रिपोर्टवरून एवढेच सिद्ध होते की नमुना घेतलेल्या जागी ती बुरशी होती. जखमेच्या पृष्ठभागावर कापसाची काडी फिरवून जो नमुना घेतात, तो स्वॅब. मोठ्या जखमेच्या पृष्ठभागावर काही ना काही वाढणारच. बुरशी नुसती पृष्ठभागावर वसलेली असेल तर त्यामुळे रुग्णाला ताप येत नाही, जखमेचा रंग बदलत नाही आणि बऱ्याचदा जखम स्वच्छ करणे, मेलेला भाग काढणे व ड्रेसिंग बदलणे एवढ्यावर भागते. बुरशी जिवंत ऊतीत शिरली असेल तर मात्र तासांचा हिशेब सुरू होतो.

हा फरक ओळखण्याची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे बायोप्सी. संशयित जागेतून मेलेली कातडी आणि तिच्या खालचे जिवंत मांस, दोन्ही येतील असा लहानसा तुकडा घेतात. त्याचा एक भाग पॅथॉलॉजीकडे जातो. तेथे त्याचे पातळ काप विशेष रंगांनी रंगवून, बुरशीचे तंतू जिवंत भागात उतरले आहेत का, रक्तवाहिन्यांत शिरले आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरा भाग मायक्रोबायोलॉजीकडे कल्चरसाठी जातो आणि बुरशी कोणत्या जातीची आहे ते त्यातून कळते. म्हणजे ती आत शिरली आहे का, हे पहिली तपासणी सांगते आणि ती कोण आहे, हे दुसरी सांगते. त्यामुळे एकच करून भागत नाही.

येथे एक व्यावहारिक बाब सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक ठिकाणी नमुन्याच्या बाटल्या नातेवाइकाच्याच हातात देऊन बाहेरच्या लॅबमध्ये पाठवल्या जातात. पॅथॉलॉजीची बाटली फॉर्मेलिनने, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या रसायनाने, भरलेली असते. कल्चरची बाटली निर्जंतुक असते आणि तिच्यात थोडे सलाईन असते. कल्चरचा तुकडा चुकून फॉर्मेलिनमध्ये पडला तर त्यातील बुरशी मरते आणि रिपोर्ट "काहीही वाढले नाही" असा येतो. तो रिपोर्ट वाचून सगळे निश्चिंत होतात, आणि हीच त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. म्हणून वॉर्डमधून निघण्यापूर्वी सिस्टरांना विचारून दोन्ही बाटल्यांवरील लेबल पाहावे. लॅबने वेगळे सांगितले नसेल तर कल्चरची बाटली बर्फात किंवा फ्रिजमध्ये न ठेवता तडक पोहोचवावी. म्युकरची शंका असेल तर ती फॉर्मवर लिहिलेली आहे ना, हेही पाहावे. या बुरशीचे तंतू नाजूक असतात आणि नमुना खलबत्त्यात वाटला की ते मरतात, त्यामुळे लॅबला तो वाटण्याऐवजी बारीक कापून लावावा लागतो.

६. रिपोर्ट यायला इतके दिवस का लागतात? तोपर्यंत उपचार थांबतात का?

थांबत नाहीत, थांबूही नयेत. तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी काही तासांत होते आणि बुरशीचे तंतू आहेत की नाहीत, एवढे तिच्यातून कळते. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टला साधारणपणे काही दिवस लागतात. कँडिडा एक ते तीन दिवसांत वाढते. तंतुमय बुरशीला अधिक वेळ लागतो आणि "वाढ नाही" असे अंतिमतः सांगण्यासाठी लॅब चार आठवड्यांपर्यंत थांबते. शंका दाट असेल तर डॉक्टर पहिल्या तपासणीवरच उपचार सुरू करतात.

रक्तातील बीटा-डी-ग्लुकन (बुरशीच्या आवरणातील एक घटक) शोधणारी तपासणी सांगितली असेल, तर तिच्या दोन मर्यादा ध्यानात असाव्यात. मोठ्या जखमांवर गुंडाळलेल्या कापसाच्या गॉजमुळे आणि शिरेतून दिलेल्या अल्ब्युमिनमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. भाजलेल्या रुग्णात या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा असतात. उलट म्युकर असूनही ती निगेटिव्ह येते.

७. जखम पाहून काही ओळखता येते का?

काही प्रमाणात येते. कालपर्यंत गुलाबी किंवा लालसर असलेली जागा आज जांभळी, करडी किंवा काळी पडली, काळ्या डागाची कड दिवसागणिक पुढे सरकू लागली, मेलेला थर अपेक्षेपेक्षा फार लवकर सुटू लागला, शस्त्रक्रियेने लावलेली कातडी धरली होती ती अचानक मऊ पडून निघून आली, जखमेच्या भोवती सूज वाढली किंवा पृष्ठभागावर लवेसारखी पांढरी, हिरवट अथवा काळी वाढ दिसली, तर डॉक्टरांचा संशय तंतुमय बुरशीकडे जातो. कँडिडा बहुधा पांढरट, ओलसर थराच्या रूपात दिसते आणि कडेला बारीक लाल पुरळ असते.

तापावरून मात्र अंदाज बांधणे कठीण आहे. मोठ्या भाजण्यानंतर शरीराची चयापचय क्रिया इतकी वाढते की संसर्ग नसतानाही तापमान थोडे चढेच राहते, म्हणून जळीत कक्षात ३९ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप अधिक गांभीर्याने घेतात. अँटिबायोटिक्स बदलूनही उतरत नसलेला ताप, नव्याने आलेले असंबद्ध बोलणे, कमी झालेली लघवी किंवा उतरता रक्तदाब यांकडे एकत्रितपणे पाहिले जाते.

रोज ड्रेसिंग करणारी व्यक्ती एकच असेल तर कालचा आणि आजचा फरक तिच्या नजरेला सर्वांत आधी जाणवतो. माझ्या मते याचे मोल अनेक महागड्या तपासण्यांपेक्षा अधिक आहे, आणि ड्युटीच्या फेरबदलात नेमके तेच हातातून जाते.

८. ड्रेसिंग सोडल्यावर जखमेवर पांढरा-पिवळा थर दिसला. दुसऱ्या दिवशी कडेला काळे डाग होते. ही बुरशीच ना?

बहुधा नाही. सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरे मलम जखमेतील स्रावात मिसळून पिवळसर-करड्या रंगाचा, बुळबुळीत पापुद्रा तयार करते. तो ओल्या गॉजने पुसून निघतो आणि खाली जखमेचा मूळ रंग दिसतो. चांदीयुक्त ड्रेसिंगमुळे कातडीवर आणि चादरीवर करडे-काळे डाग पडतात. हिरवा स्राव आणि गोडसर वास ही बहुतेक वेळा स्यूडोमोनास या जीवाणूची खूण असते. पुसूनही न निघणारा आणि पसरत जाणारा काळा डाग मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर मत मागवण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. वॉर्डच्या पिवळ्या उजेडात काढलेल्या फोटोत प्रत्येक जखम भयंकरच दिसते.

९. बुरशी रुग्णालयातच लागली. मग हा रुग्णालयाचा हलगर्जीपणा नाही का?

केवळ बुरशी आढळली म्हणून तसे म्हणता येत नाही. कँडिडा बऱ्याचदा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून येते आणि उत्तम व्यवस्था असलेल्या जळीत कक्षांतही बुरशीचे संसर्ग होतात. तरीही काही कारणे रुग्णालयाच्या हातात असतात. इमारतीची तोडफोड किंवा दुरुस्ती चालू असताना उडणाऱ्या धुळीतून अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू पसरतात, ही जगभर नोंदली गेलेली बाब आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्रेसिंगच्या चिकटपट्ट्यांवरील रायझोपस या म्युकर गटातील बुरशीमुळे रुग्णांच्या कातडीत संसर्ग झाले होते. न्यू ऑर्लिन्समधील मुलांच्या एका रुग्णालयात म्युकरची साथ कपडे-चादरींपर्यंत माग काढत पोहोचली. त्यामुळे जखमेजवळ येणारी प्रत्येक वस्तू कोरडी, स्वच्छ आणि बंद पाकिटातून काढलेली असणे याला अर्थ आहे.

तक्रारीच्या सुरात न विचारताही काही प्रश्न विचारता येतात : कक्षाला लागून बांधकाम सुरू असेल तर मधे पडदा किंवा भिंत घातली आहे का; धुतलेल्या चादरी कोठे ठेवतात; एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले जातात का, हातमोजे बदलले जातात का. आमच्याकडे आलेल्या एका पत्रात ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर आदल्या दिवशीचे अर्धे वापरलेले गॉजचे पाकीट तसेच उघडे असल्याची तक्रार होती. अशी गोष्ट दिसली तर तेव्हाच, तेथेच, इन्चार्ज सिस्टरांना सांगावी.

१०. पावसाळ्यात हा त्रास वाढतो का? वॉर्डातला एसी बंद करायला सांगावे का?

मुंबईच्या पावसाळ्यातील दमट हवा आणि भिंतींची ओल बुरशीला पोषक असते, यात शंका नाही. छतातून गळती होऊन प्लास्टर किंवा फॉल्स सीलिंग भिजले असेल, तर ते तीन दिवसांच्या आत कोरडे झाले पाहिजे, नाहीतर बदलले पाहिजे. कक्षाच्या भिंतीवर काळी ओल दिसत असेल तर ते लेखी कळवणे योग्य.

एसीचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या शरीरातून उष्णता वेगाने निघून जाते, म्हणून त्याची खोली आपल्याला उकडेल इतकी उबदार, साधारण २८ ते ३२ अंश, ठेवतात. "उकडतंय" म्हणून नातेवाईक तापमान खाली आणतात आणि रुग्ण कुडकुडतो. दुसरीकडे, एसी बंद करून खिडकी उघडली तर गाळून येणाऱ्या हवेऐवजी रस्त्यावरची धूळ आत येते. त्यामुळे दोन्ही गोष्टी स्वतःच्या मनाने करू नयेत. विचारायचेच असेल तर एसीचे फिल्टर केव्हा साफ केले, हे विचारावे.

११. बुरशीचे औषध सुरू आहे, तरी पुन्हा पुन्हा ऑपरेशनला का नेतात?

कारण जिवंत ऊतीत शिरलेल्या बुरशीवर मुख्य उपचार शस्त्रक्रियेचाच असतो. मेलेल्या भागात रक्त जात नाही, त्यामुळे औषधाची बाटली कितीही महाग असली तरी तिच्यातले औषध तेथे पोहोचत नाही. मेलेला भाग रक्त येणाऱ्या निरोगी थरापर्यंत काढावा लागतो. एका दिवसाने किंवा दोन दिवसांनी पुन्हा पाहावे लागते आणि कड पुढे सरकली असेल तर आणखी काढावे लागते. तंतुमय बुरशी हाताच्या किंवा पायाच्या खोल स्नायूंत पसरली असेल तर जीव वाचवण्यासाठी अवयव काढण्याचा निर्णयही समोर येऊ शकतो. हे ऐकताना नातेवाइकांवर काय ओढवते, याची कल्पना आहे. तरीही त्या क्षणी "आधी चार दिवस औषध देऊन पाहू" अशी मुदत मागणे रुग्णाला महागात पडू शकते. मागायचे असेल तर, वेळ न दवडता, दुसऱ्या प्लास्टिक सर्जनचे मत मागावे.

जखम साफ झाली की ती उघडी ठेवता येत नाही आणि रुग्णाच्या अंगावर स्वतःची निरोगी कातडी पुरेशी उरलेली नसते. अशा वेळी मरणोत्तर त्वचादानातून मिळालेली कातडी तात्पुरते आवरण म्हणून लावतात. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते आणि दात्याचा व रुग्णाचा रक्तगट जुळावा लागत नाही. ही कातडी कायमची धरत नाही. काही आठवड्यांत शरीर ती नाकारते, पण तोवर जखम झाकलेली राहते. बुरशी पूर्ण निघाल्याची खात्री होण्यापूर्वी रुग्णाची स्वतःची कातडी लावण्याची घाई डॉक्टर करत नाहीत, कारण ती गेली तर ती जिथून काढली ती जागाही नवी जखम म्हणून उरते.

१२. कोणत्या बुरशीला कोणते औषध देतात? आणि ते इतके महाग का?

कँडिडा रक्तात किंवा खोल जखमेत असेल तर कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन किंवा अ‍ॅनिड्युलाफंजिन यांपैकी एक औषध शिरेतून देतात. जात संवेदनशील असल्यास पुढे फ्लुकोनॅझोलवर आणता येते. अ‍ॅस्परजिलससाठी व्होरिकोनॅझोल हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. म्युकर गटावर व्होरिकोनॅझोलचा आणि कॅस्पोफंजिनच्या गटाचा उपयोग होत नाही. तेथे लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेले) अ‍ॅम्फोटेरिसिन बी लागते, साधारणपणे दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम, आणि नंतर पोसाकोनॅझोल किंवा आयसाव्हुकोनॅझोल. "बुरशीचे औषध चालू आहे" एवढ्यावर समाधान का मानू नये, ते यावरून कळेल.

साठ किलोच्या रुग्णाला वरील हिशेबाने रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या लागतात. खर्चाचा डोंगर तेथे उभा राहतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा समावेश आहे. आपल्या रुग्णाचे औषध पॅकेजमध्ये बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला (या योजनेच्या प्रतिनिधीला) पहिल्याच आठवड्यात विचारावे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे.

१३. अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू केल्यावर रुग्ण थडथड उडायला लागला आणि आता किडनीचा रिपोर्ट बिघडला. औषध बंद करायला सांगू का?

स्वतः बंद करायला सांगू नये. थंडी वाजून ताप येणे हा या औषधाचा परिचित परिणाम आहे. त्यासाठी आधी दुसरी औषधे देतात आणि सलाईनचा वेग कमी करतात. मूत्रपिंडावर ताण येणे आणि पोटॅशियम व मॅग्नेशियम उतरणे हेही अपेक्षित असते, म्हणूनच वरचेवर रक्त तपासतात. जुन्या, स्वस्त प्रकारापेक्षा लायपोसोमल प्रकारात हा त्रास कमी होतो. हे औषध साध्या मिठाच्या सलाईनमध्ये साकळते, त्यामुळे ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच चढवतात. मधुमेही रुग्णाला "साखरेचे सलाईन" का लावले, याचे कारण हे असू शकते.

१४. माझ्या भावाच्या टीबीच्या गोळ्या चालू होत्या. त्याचा इथे काही संबंध आहे का?

मोठाच आहे आणि मुंबईत हा प्रसंग दुर्मीळ नाही. टीबीच्या उपचारातील रिफॅम्पिसिनमुळे यकृत इतर औषधे इतक्या वेगाने मोडते की व्होरिकोनॅझोल रक्तात पुरेसे टिकतच नाही. ही दोन औषधे एकत्र देणे निषिद्ध आहे. आयसाव्हुकोनॅझोलबाबतही तेच. कॅस्पोफंजिन द्यायचे तर त्याचा डोस वाढवावा लागतो. अ‍ॅम्फोटेरिसिनला ही अडचण येत नाही. रिफॅम्पिसिन थांबवले तरी त्याचा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकतो, म्हणून "गोळ्या गेल्या आठवड्यातच संपल्या" ही माहितीही सांगावी. फिट्सच्या फेनिटॉइनमुळेही व्होरिकोनॅझोलची पातळी घसरते. भाजण्याच्या धावपळीत जुन्या गोळ्यांची पाकिटे घरीच राहतात. ती आणून दाखवावीत.

१५. रुग्ण गरोदर आहे. बुरशीचे औषध चालते का?

व्होरिकोनॅझोल आणि मोठ्या डोसमधील फ्लुकोनॅझोल गर्भाला घातक ठरू शकतात, त्यामुळे ती टाळतात. गरज असल्यास अ‍ॅम्फोटेरिसिनला प्राधान्य देतात. गरोदरपणाची शंका जरी असली, तरी ती पहिल्याच दिवशी सांगावी.

१६. बुरशी होऊ नये म्हणून आधीच औषध का दिले नाही?

प्रत्येक भाजलेल्या रुग्णाला सरसकट असे औषध देण्याची शिफारस नाही. त्याने औषधाला न जुमानणाऱ्या जातींना वाव मिळतो. मेलेली कातडी लवकर काढून जखम झाकणे, साखर ताब्यात ठेवणे आणि गरज नसलेली अँटिबायोटिक्स व नळ्या लवकर काढणे हाच खरा प्रतिबंध आहे.

१७. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला बुरशी आहे. आमच्या रुग्णाला किंवा आम्हाला लागेल का?

अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाहीत. निरोगी नातेवाइकाला त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. कँडिडा मात्र हातांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन झालेली आणि आता भारतातही आढळणारी कँडिडा ऑरिस ही जात यात विशेष लक्षात ठेवावी. ती खाटेच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर दीर्घकाळ टिकते, अनेक औषधांना दाद देत नाही आणि फरशी पुसण्याच्या काही नेहमीच्या जंतुनाशकांनीही जात नाही. त्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावण लागते. असा रुग्ण वेगळा ठेवला असेल तर तो नियम पाळावा. भेटीला जाताना फुले, कुंडी किंवा देवाचा हार नेऊ नये, खाटेवर बसू नये आणि आत जाताना व बाहेर येताना हात धुवावेत.

१८. हळद, कोरफड किंवा मध लावला तर बुरशी होणार नाही असे सांगतात. खरे आहे का?

रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या खोल जखमेवर बाहेरची कोणतीही वस्तू लावू नये. स्वयंपाकघरातील हळद आणि अंगणातील कोरफड निर्जंतुक नसतात आणि त्यांच्यासोबत मातीतील बीजाणू येतात. टूथपेस्ट, शाई, कॉफी पावडर किंवा तूप आधीच लावलेले असेल, तर संकोच न करता सांगावे. जखमेच्या रंगावरून अंदाज बांधताना डॉक्टरांची त्याने दिशाभूल होते.

१९. भात, दही, वांगे बंद करायचे का? आणि घरून दिलेली प्रोबायोटिक पावडर चालेल का?

भाताने किंवा आंबटाने जखमेत पू होतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे, पण तिला आधार नाही. पथ्याच्या नावाखाली रुग्ण अर्धपोटी राहिला तर नुकसान होते, कारण मोठ्या जखमा भरण्यासाठी दर किलो वजनामागे रोज दीड ते दोन ग्रॅम प्रथिने लागतात. अंडी, मासे, दूध, पनीर, डाळ यांपैकी काय किती द्यायचे, ते आहारतज्ज्ञ साखर पाहून ठरवतील.

प्रोबायोटिक पावडरीबद्दल मात्र सावध राहावे. काही पाकिटांमध्ये सॅकरोमायसिस बोलार्डी हे जिवंत यीस्ट असते. सेंट्रल लाइन असलेल्या अत्यवस्थ रुग्णात ते रक्तात उतरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. विचारल्याशिवाय देऊ नये.

२०. रुग्ण घरी आला आहे. आता बुरशीचा धोका संपला का?

कातडी पूर्ण भरून आली असेल तर खोल संसर्गाचा धोका जवळपास संपतो. उघडे राहिलेले चट्टे भरेपर्यंत मात्र प्रश्न ७ मधील खुणा पाहत राहाव्यात. घरी आल्यावर जो त्रास होतो तो बहुधा साधा असतो : व्रण दाबून ठेवणाऱ्या घट्ट कपड्यांखाली घाम साचून काखेत, जांघेत किंवा बोटांच्या बेचक्यांत खाज आणि लाल चट्टे येणे. त्या कपड्यांचे दोन जोड असावेत. पावसाळ्यात ते पंख्याखाली पूर्ण वाळवावेत. प्रेस मात्र करू नयेत, कारण उष्णतेने त्यांचा ताण जातो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी "तीन औषधे एकत्र" असलेली मलमे लावू नयेत. त्यांतील जोरदार स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवस थांबते, बुरशी पसरते आणि नवी कातडी पातळ होते.

२१. दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे ठरवले आहे. बरोबर काय न्यावे?

डिस्चार्ज समरीबरोबरच आतापर्यंतचे सर्व कल्चर रिपोर्ट, कोणते औषध कोणत्या तारखेपासून व किती डोसमध्ये दिले त्याचा तक्ता आणि शस्त्रक्रियेच्या नोंदी घ्याव्यात. बायोप्सी झाली असेल तर तिच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक पॅथॉलॉजी विभागातून लेखी अर्ज करून मिळतात. त्या नेल्या तर नव्या ठिकाणी तुकडा पुन्हा काढण्याची वेळ टळू शकते. ज्या कल्चरचा अंतिम रिपोर्ट बाकी आहे, त्याचा नमुना क्रमांक लिहून घ्यावा, कारण तंतुमय बुरशीचा निकाल बऱ्याचदा रुग्ण हलवल्यानंतर येतो आणि जुन्या रुग्णालयातून तो आपणहून कोणी कळवत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या न वापरलेल्या बाटल्या परत मिळाल्या तर त्या २ ते ८ अंशांत न्याव्या लागतात का, हे बाटलीच्या वेष्टनावर पाहून मगच बर्फाच्या डब्यात ठेवाव्यात. त्या गोठून चालत नाहीत.